तेल कच्चे की पक्के?



कवीला आकाशवाणीवर बोलावतात ते बहुधा पावसाळ्यात, नाहीतर मराठी भाषा दिनाला. त्यामुळे या वेळी फोन आला आणि ‘तुमच्या नोकरीतल्या एखाद्या विषयावर बोला’ असे सांगण्यात आले, तेव्हा मी जरा बिचकलोच. माझी नोकरी म्हणजे परदेशातून येणाऱ्या मालाची कागदपत्रे करून देणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटाच्या कचेरीतली कारकुनी. मराठी घेऊन बी.ए. झालो, श्रीवर्धनकडे शिक्षकाची जागा मिळेल म्हणून वर्षभर वाट पाहिली आणि १९९२ साली एका नातेवाइकाच्या ओळखीने मुंबईला बॅलार्ड इस्टेटमधला एक लाकडी जिना चढलो. तो जिना अजून चढतो आहे. तिथे बसून ज्या मालाचे सर्वांत जास्त कागद मी केले, तो माल म्हणजे खाद्यतेल. तेव्हा आज तेलावर बोलतो. तेलाच्या भावावर सगळेच बोलतात. मी बोलणार आहे तेलाच्या नावावर.

माझ्या लहानपणी घरात दोन बाटल्या असायच्या. गोडेतेलाची स्वयंपाकघरात आणि खोबरेलाची आरशापाशी. महिनाअखेरीला गोडेतेल संपले की अम्मा आरशापाशी जायची आणि त्याच खोबरेलात बांगडा तळायची. उरलेले संध्याकाळी बहिणीच्या केसांना. पुढे रेशनवर पामतेल येऊ लागले. थंडीच्या दिवसांत त्या बाटलीच्या बुडाशी पांढरा गाळ धरायचा. अम्माची खात्री होती, की रेशनवाला त्यात डालडा कालवतो. तिने त्याला तसे तोंडावर सुनावलेही होते. तो बिचारा अल्लाची शपथ घ्यायचा. त्याचे खरे होते आणि अम्माचेही अगदी खोटे नव्हते, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. त्याकडे येतोच.

आता थोडे आमच्या धंद्याचे. परदेशातून आलेल्या प्रत्येक मालाला सरकारदरबारी एक आकडा असतो. कस्टम्स टॅरिफ ॲक्ट हा १९७५ सालचा कायदा, आणि त्याला जोडलेली दरसूची म्हणजे आमची पोथी. जिवंत घोड्यापासून तैलचित्रापर्यंत जगात विकली जाणारी प्रत्येक वस्तू तिच्यात कुठेतरी बसवलेली आहे. आकड्यांची ही पद्धत ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेने घालून दिली आणि १९८८ पासून ती जगभर चालू आहे. पहिले सहा आकडे सगळ्या देशांना सारखे, त्यापुढचे दोन आपण आपल्या सोयीने लावलेले. तेले आणि चरब्या पंधराव्या प्रकरणात. १५०७ म्हणजे सोयाबीन, १५०८ शेंगदाणा, १५११ पाम, १५१२ मध्ये सूर्यफूल, करडई आणि सरकी, १५१३ खोबरेल, १५१४ मोहरी. आमचे हेडक्लार्क जेवणाआधी गीतेचा पंधरावा अध्याय म्हणत. मी रुजू झालो त्या आठवड्यात त्यांनी दरसूची माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, ‘‘आमचा पंधरावा आम्ही पाठ केला, तुमचा पंधरावा तुम्ही करा.’’ केला. अजून पाठ आहे.

तुम्ही म्हणाल, पामतेल ते पामतेल, त्यात भांडायचे काय? भांडण पुढच्या चार आकड्यांत आहे. १५११ १० ०० म्हणजे क्रूड पामतेल. १५११ ९० १० म्हणजे रिफाइंड पामतेल, ९० २० म्हणजे रिफाइंड पामोलिन आणि ९० ९० म्हणजे इतर. क्रूड म्हणजे कच्चे. ‘कच्चे तेल’ म्हटले की लोकांना पेट्रोल आठवते. माझ्या मेहुण्याला बरीच वर्षे वाटत होते, की मी अरबांशी व्यवहार करतो. तर हे कच्चे तेल खायचेच, फक्त शुद्ध न केलेले. मलेशिया, इंडोनेशियातून ते येते तेव्हा त्याचा रंग शेंदरी लाल असतो, गाजराच्या हलव्याला सुटलेल्या तुपासारखा. गाजरात असते तेच कॅरोटिन त्यात असते म्हणून. कारखान्यात त्याचा रंग काढतात, वास काढतात, आम्ल काढतात. उरते ते आपल्या बाजारातले फिकट पिवळे, निर्गुण पामतेल.

कच्च्यावर जकात कमी आणि पक्क्यावर जास्त, हे आपल्या सरकारचे जुने धोरण आहे. कच्चे आणा, इथल्या कारखान्यांत शुद्ध करा, इथल्या माणसांना काम द्या. धोरण म्हणून त्यात वाईट काही नाही. पण दोन दरांत अंतर ठेवले, की त्या अंतरात माणसे उभी राहतात. फेब्रुवारी २००५ मध्ये क्रूड पामतेलावर ८० टक्के आणि रिफाइंडवर ९० टक्के जकात झाली. एप्रिल २००८ मध्ये महागाई भडकली तेव्हा क्रूडवर शून्य आणि रिफाइंडवर साडेसात. मार्च २०१८ मध्ये ४४ आणि ५४. सप्टेंबर २०२४ मध्ये अधिभारांसकट क्रूडवर साडेसत्तावीस, रिफाइंडवर पावणेछत्तीस. आणि मे २०२५ च्या अखेरीस क्रूडचा दर साडेसोळावर आणला, रिफाइंडचा तसाच ठेवला. म्हणजे अंतर एका झटक्यात एकोणीस टक्क्यांच्या वर गेले. एका जहाजात दहा-दहा, वीस-वीस हजार टन तेल असते. कागदावर १० लिहायचे की ९०, या दोन आकड्यांवर किती कोटी हलतात त्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

जाता जाता सोयाबीनचेही सांगतो. जागतिक व्यापार संघटनेत आपण लिहून दिले आहे, की सोयातेलावर ४५ टक्क्यांच्या वर जकात लावणार नाही. पामतेलावर मात्र ३०० टक्क्यांपर्यंत मुभा ठेवली. म्हणून २००५ साली पाम ८० वर गेले आणि सोया ४५ वर बसून राहिले. तळणाऱ्या बाईला कढईत दोन्ही सारखीच. पण एकीला आपण परक्यांपुढे शब्द दिला होता आणि दुसरीला नाही.

आता नावाचा प्रश्न. कच्चे कशाला म्हणायचे? सोयाबीनच्या बाबतीत दरसूचीनेच वाद मिटवला आहे. त्यातला चिकट भाग, ज्याला आम्ही गम म्हणतो, तो काढलेला असो वा नसो, तेल क्रूडच. पामच्या बाबतीत ब्रुसेल्सची टिपणे सांगतात, की गाळणे, निवळणे, घुसळून वेगळे करणे इतपत चालेल. पण थंड करून त्याचे पातळ आणि घट्ट असे दोन भाग पाडले, की ते कच्चे राहत नाही. ठीक. मग क्रूड पामोलिनचे काय? पामतेल थंड करून वर राहणारा पातळ भाग म्हणजे पामोलिन. त्याचा रंग काढलेला नाही, आम्ल काढलेले नाही, व्यापारी त्याला क्रूड म्हणतो, बाजार क्रूड म्हणतो. आपल्या सवलतीच्या अधिसूचनेने म्हटले, ‘क्रूड पामतेल आणि त्याचे भाग’. सरकार तेलाची आधारमूल्ये जाहीर करते, त्या तक्त्यातही क्रूड पामोलिन १५११ १० ०० खालीच छापलेले असायचे, पितळेच्या भंगाराच्या काही ओळी वर. म्हणजे ब्रुसेल्सच्या व्याख्येने ते कच्चे नाही आणि दिल्लीच्या तक्त्याने ते कच्चे आहे. अशा जागी वकील जगतात.

आणि तो खाली बसणारा घट्ट भाग, त्याचे नाव स्टिअरिन. अम्माच्या बाटलीतला पांढरा गाळ म्हणजे थंडीने वेगळे होऊन खाली बसलेले तेच. डालडा बनवायलाही ते वापरतात, तेव्हा अम्माचा अंदाज फार चुकला नव्हता. या स्टिअरिनची कथा मला फार आवडते. रसायनशास्त्राने पाहिले तर ते पामतेलाचेच अंग आहे, तेव्हा त्याने पंधराव्या प्रकरणात राहावे. पण आपल्या आठ आकडी दरसूचीत ‘पाम स्टिअरिन’ हे शब्द छापले गेले ते अडतिसाव्या प्रकरणात, ३८२३ खाली, स्टिअरिक ॲसिडच्या पोटात. तिथे साबण-मेणबत्तीवाल्यांची औद्योगिक आम्ले राहतात. स्टिअरिन आणि स्टिअरिक ॲसिड या दोन वेगळ्या वस्तू आहेत. यमक जुळले म्हणून कोणी एका घरात घातल्या की काय, असे मला कायम वाटत आले आहे. त्यावरून साबण कारखानदार आणि कस्टम्स यांच्यात अशी जुंपली, की प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कवितेत यमकासाठी अर्थ मोडला तर समीक्षक दोन ओळी लिहितो. इथे नोटिसा निघतात.

हे फक्त आयातीतच होते असे नाही. अम्माच्या खोबरेलाचाही खटला झाला. तो सीमाशुल्काचा नव्हता, उत्पादन शुल्काचा होता, पण दरसूचीची पद्धत तीच. खोबरेलाची छोटी बाटली स्वयंपाकाचे तेल म्हणून १५१३ मध्ये धरायची, की केसांचे तेल म्हणून ३३०५ मध्ये? २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. मग तिघांच्या पीठाने डिसेंबर २०२४ मध्ये निकाल दिला, की बाटली छोटी आहे एवढ्यावरून ते केसांचे तेल ठरत नाही. तसे वेष्टन आणि तसे लेबल असेल तरच. निकाल वाचला त्या दिवशी आमच्या घरातला आरसा आठवला. अम्माला विचारले असते तर तिने अर्ध्या मिनिटात सांगितले असते, की बांगडा आला तर १५१३ आणि नाही आला तर ३३०५.

मुस्लिम मराठी कवी म्हणून माझीही पुस्तके ग्रंथालयात कधी कवितेच्या कपाटात सापडतात, कधी ‘मुस्लिम मराठी’ अशी चिठ्ठी लावलेल्या फळीवर. एका गावात तर मी ‘इतर’ मध्ये होतो. तिथे उभा राहून मला हसू आले. ९० ९०. पण तो आजचा विषय नाही.

तर मूळ मुद्दा. कच्चे आणि पक्के यांच्यात जकातीचे अंतर असले, की लबाडी येणारच. पक्क्या तेलात थोडे आम्ल मिसळायचे, थोडे लाल तेल ओतायचे आणि कच्चे म्हणून उतरवायचे. हा काही कल्पनेचा खेळ नाही. अलीकडच्या वर्षांत कांडल्याला अशी प्रकरणे उभी राहिली, की क्रूड पामतेल, रिफाइंड पामोलिन आणि शुद्धीकरणातून निघालेले फॅटी ॲसिड जहाजावरच एकत्र केले आणि सगळे क्रूड म्हणून जाहीर केले, असा आरोप आहे. म्हणून सरकारने पूर्वीच कसोटी घालून दिली होती. सवलत हवी तर तेलाचा आम्लांक ठराविक मर्यादेच्या वर आणि एका किलोत कॅरोटिनॉइड ५०० ते २५०० मिलिग्रॅम असावे लागे. रंग काढलेल्या तेलात कॅरोटिन उरत नाही, तेव्हा लबाडी पकडायला ही कसोटी चांगलीच. सरकारला मी दोष देत नाही. बंदरावर बसलेल्या माणसाला काहीतरी मोजमाप हवेच.

अडचण एवढीच, की कॅरोटिन स्थिर राहत नाही. उष्णतेने कमी होते, हवेने कमी होते, उजेडाने तर फारच लवकर. पामतेल गोठू नये म्हणून जहाजात ते गरम ठेवावे लागते, पंपाने उतरवताना आणखी तापवावे लागते. पुढे ते टाक्यांत पडून राहते. मलेशियात सहाशे असलेला आकडा इथे पाचशे साठ होऊ शकतो. अन्नाच्या आंतरराष्ट्रीय मानकांत पामतेलासाठी ५०० ते २००० ही श्रेणी आहे, पण स्टिअरिनसाठी ती ३०० पासून सुरू होते, कारण रंग पातळ भागाबरोबर निघून जातो. अधिसूचनेत मात्र तेल आणि त्याचे सगळे भाग यांना एकच खालची रेघ, ५००. त्या रेघेच्या वर तुम्ही प्रामाणिक आणि खाली तुम्ही चोर. तेलाला काही ही अधिसूचना वाचता येत नाही.

आता मी जे सांगायला आलो, ते सांगतो.

२००५ सालची गोष्ट. मसजिद बंदरचे एक शेठ आमचे जुने गिऱ्हाईक. नाव सांगत नाही. जातीने कच्छी, पण मराठी माझ्याहून चांगले बोलायचे. मला कधी नावाने हाक मारली नाही, ‘‘काय कवी, कागद झाले?’’ असे विचारायचे. मोठे आयातदार आख्खे जहाज आणतात. शेठ त्यांच्या खेपेतला पाचशे टनांचा हिस्सा घ्यायचे आणि छोट्या डबेवाल्यांना विकायचे. त्या वेळी माल पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदरात उतरला. बंदराचेही नाव नको. किनाऱ्यावरच्या एका टाकीत चार जणांचे तेल एकत्र पडले. त्यात शेठचा हिस्सा सर्वांत लहान. चौघांनी आपापली बिल ऑफ एंट्री भरली आणि चौघांच्या नावे वेगवेगळे नमुने काढले गेले. शेठचा कागद मी केला. त्यांनी फोनवर विचारले, ‘‘कवी, क्रूडच आहे ना?’’ मी म्हटले, ‘‘शेठ, डोळ्यांनी पाहून आलो, रक्तासारखे लाल आहे.’’ १५११ १० ०० लिहिले.

नमुना पारदर्शक काचेच्या बाटलीत भरतात, लाखेने मोहोर करतात, सोबत चाचणीचा कागद जोडतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. इतर तिघांच्या बाटल्या त्याच आठवड्यात गेल्या. शेठची राहिली. सुट्ट्या आल्या, बाटल्या नेणारा शिपाई रजेवर गेला, काय झाले कोण जाणे. मी दुसऱ्या एका मालाच्या कामासाठी त्या कचेरीत गेलो, तेव्हा ती बाटली खिडकीत होती. पश्चिमेची खिडकी, एप्रिलचे ऊन. मी बाटलीवरचा नंबर वाचला, तो आमचाच. टेबलावरच्या माणसाला म्हटले, ‘‘साहेब, ही जायची राहिली आहे.’’ तो म्हणाला, ‘‘जाईल.’’ दहा-बारा दिवसांनी पुन्हा गेलो. बाटली तिथेच. तेलाचा रंग आता भगवा म्हणावा असाही राहिला नव्हता, पिवळट झाला होता. मी काही बोललो नाही. माझे दुसरे काम होते, ते उरकून निघालो.

अहवाल आले. तिघांचे साडेपाचशेच्या आसपास. शेठचा ४७०.

एकाच टाकीतले तेल. तीन जणांचे कच्चे, एकाचे कच्चे नाही. कारणे दाखवा नोटीस निघाली, की आपण सवलतीस पात्र नसलेला माल क्रूड म्हणून जाहीर केला आहे, तरी फरकाची रक्कम, व्याज आणि दंड का वसूल करू नये. फरक नऊ-दहा लाखांच्या घरात. मोठ्या आयातदाराला ही किरकोळ रक्कम. शेठच्या वर्षभराच्या नफ्यापेक्षा ती जास्त होती. माल तोवर तात्पुरत्या आकारणीवर, बाँड आणि बँक गॅरंटी देऊन सोडवला होता आणि क्रूडच्या जकातीचा हिशेब धरून विकूनही झाला होता. ज्यांनी ते तेल खाल्ले त्यांच्याकडे जाऊन ‘ते कच्चे नव्हते, किलोमागे दोन रुपये आणखी द्या’ असे म्हणता येत नाही.

शेठनी वकील केला. आमच्या कचेरीत बैठक झाली. वकील हुशार होते. त्यांनी सरळ विचारले, ‘‘एका टाकीतल्या तेलाचे दोन आकडे येतात कसे? नमुना कुठे पडून राहिला होता का? कोणी पाहिले आहे का?’’ मी खुर्चीत बसलो होतो, हातात फाइल होती. आमच्या मालकांना मी आधीच सांगून ठेवले होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले होते, ‘‘तू पाहिलेस ते खरे. पण प्रतिज्ञापत्र तू देणार म्हणजे आपली कचेरी देणार. परवाना नव्याने करून घ्यायला याच लोकांच्या दारात जायचे आहे. इथे अकरा माणसे जेवतात.’’ त्या अकरांत मीही होतो. मुलगी पहिलीत होती. वकिलांनी विचारले तेव्हा मालकांनी माझ्याकडे पाहिले नाही आणि मी वकिलांकडे पाहिले नाही. फाइलमधला एक कागद उलटला, तो आधीच वाचलेला होता.

फेरचाचणी मागितली. मोहोरबंद दुसरी बाटली कपाटात होती. ती तपासायला पाच महिने गेले. तोवर तिच्यातलेही उतरले होते, ४६० आले. म्हणजे पहिला अहवाल बरोबर, असे ठरले. आमच्या वकिलांनी कॅरोटिनचे शास्त्र सांगितले, परदेशातल्या बंदरावरचा दाखला दाखवला, इतर तिघांचे अहवाल जोडले. आदेशात लिहून आले, की अधिसूचनेतील अट स्पष्ट आहे आणि माल आयातीच्या वेळी ती पूर्ण करीत होता याचा पुरावा आयातदाराने दिलेला नाही. पुरावा. मी तो कागद टाइप केलेल्या फाइलीत लावला आणि कपाटात ठेवला.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर आदेश अगदीच चूक म्हणता येणार नाही. पुढे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने मुंबई कस्टम्सच्याच एका खटल्यात हे पक्के केले. कर लावणाऱ्या कलमात संदिग्धता असेल तर फायदा करदात्याला, पण सवलत देणाऱ्या अधिसूचनेत संदिग्धता असेल तर फायदा सरकारला, आणि सवलतीत आपण बसतो हे दाखवायची जबाबदारी सवलत मागणाऱ्याची. हे मला पटतेही. सवलत म्हणजे शेवटी इतर सगळ्यांच्या खिशातून दिलेली सूट. पण दाखवायचे कशाने? बाटली त्यांच्याकडे, मोहोर त्यांची, खिडकी त्यांची. आयातदाराकडे राहतो तो एखादा माणूस, ज्याने पाहिलेले असते.

शेठनी अपील केले, त्यासाठी आधी रक्कम भरावी लागली. एप्रिल २००८ मध्ये क्रूडवरची जकात शून्य झाली. ज्या दहा टक्क्यांसाठी आम्ही तीन वर्षे भांडत होतो, त्या मालावर आता काहीच नव्हते. शेठ आमच्या कचेरीत आले, चहा घेतला आणि म्हणाले, ‘‘कवी, आता कोणीपण आणेल तेल. आपले काय काम?’’ त्या वर्षी त्यांनी आयात बंद केली. गाळा भाड्याने दिला. अपील चालूच राहिले. २०११ मध्ये ते फेरसुनावणीसाठी खाली परत पाठवले गेले, आणि शेठनी वकिलांना सांगितले की बस झाले. भरलेले पैसे गेले ते गेले.

मी नोकरीत राहिलो. परवाना नव्याने झाला. मुलगी शिकली, आता पुण्याला असते. कागद संगणकावर गेले, आमचे ‘कस्टम हाऊस एजंट’ हे नाव जाऊन २०१३ पासून ‘कस्टम्स ब्रोकर’ झाले. म्हणजे आमचेही वर्गीकरण बदलले. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यात रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल होते. गावाला गेलो तेव्हा शेजारच्या घरी ती पिशवी पाहिली. हातात घेऊन उजेडाकडे धरली. शेजारीण म्हणाली, ‘‘काय बघता भाई, भेसळ आहे का?’’ म्हटले, ‘‘नाही, चांगले आहे.’’ रिफाइंड होते ते. स्वच्छ, फिकट. त्यात ओळखण्यासारखे काही राहिलेले नसते.

परवा ईदला शेठचा फोन आला होता. दरवर्षी येतो. पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, डोळ्यांना कमी दिसते, म्हणून वाचत नाहीत, सकाळी रेडिओ लावून बसतात. मी सांगितले की माझे भाषण आहे. त्यांना वाटले कविता आहे. ‘‘लावतो,’’ म्हणाले, ‘‘पण समजेल अशी वाच.’’

तर शेठ, ती बाटली एप्रिलमध्ये तीन आठवडे पश्चिमेच्या खिडकीत होती. मी दोनदा पाहिली. वकिलांनी विचारले तेव्हा मी तिथेच होतो.